साथ ओसरली, मग बालमृत्यू का वाढले?

इंग्लंडमध्ये कोविडने सर्वाधिक थैमान घातले, त्या वर्षी तिथे मुले मात्र नेहमीपेक्षा कमी दगावली. एप्रिल २०१९ ते मार्च २०२० या वर्षात अठरा वर्षांखालील ३,४०९ मुलांच्या मृत्यूंची नोंद झाली होती. पुढच्या, म्हणजे टाळेबंदीच्या वर्षात हा आकडा ३,०३५वर आला. शाळा बंद, पाळणाघरे बंद, रस्ते ओस, नातेवाइकांकडे येणे-जाणे बंद. एरवी हिवाळ्यात घरोघरी फिरणारे सर्दी-खोकल्याचे विषाणूही त्या वर्षी जणू गायब झाले होते.

मग दारे उघडली आणि आकडा चढू लागला. २०२१-२२मध्ये तो पुन्हा ३,४२८ झाला आणि मार्च २०२३ला संपलेल्या वर्षात थेट ३,७४३वर गेला. दर लाख मुलांमागे जवळपास ३२ मृत्यू. या पद्धतीने नोंदी ठेवायला सुरुवात झाल्यापासूनचा हा सर्वांत वाईट दर होता.

उपचार मोफत, दवाखाना हाकेच्या अंतरावर आणि लसीकरणाची घडी जुनी, अशा देशात हे का व्हावे? समाजमाध्यमांवर लगेच तीन गट पडले. एका गटाच्या मते दोषी कोविडच: तोवर बहुतेक मुलांना तो एकदा तरी होऊन गेला होता आणि त्याने त्यांची प्रतिकारशक्ती पोखरली. दुसऱ्या गटाने खापर टाळेबंदीवर फोडले. तिसरा गट लशीकडे बोट दाखवून मोकळा झाला. एकाच आकड्यातून तीन निष्कर्ष निघत असतील, तर आधी तो आकडा उकलून पाहावा लागतो.

हा आकडा येतो कुठून, ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये मूल दगावले की ४८ तासांच्या आत त्याची खबर ब्रिस्टल विद्यापीठातून चालणाऱ्या ‘नॅशनल चाइल्ड मॉर्टॅलिटी डेटाबेस’कडे द्यावी लागते. नवजात बालकांच्या तज्ज्ञ प्रा. कॅरन लाइट या प्रकल्पाच्या प्रमुख. खबर दिली की काम संपले, असे मात्र नाही. त्यानंतर स्थानिक समिती बसते. तिच्यात डॉक्टर, परिचारिका, समाजसेवा विभागाची माणसे आणि पोलीसही असतात. मृत्यू कशाने झाला एवढेच ही समिती पाहत नाही. काय वेगळे घडले असते तर हे मूल वाचले असते, हेही ती शोधते. अशा एकेका प्रकरणाला कित्येक महिने लागतात. त्यामुळे एकूण संख्या आधी कळते आणि त्यामागची कारणे मागाहून. अफवांना पेव फुटते ते नेमके या मधल्या काळात.

आता थेट कोविडचा वाटा. साथीच्या पहिल्या वर्षात, मार्च २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात, इंग्लंडमध्ये ३,१०५ मुले व किशोर दगावले. त्यातल्या ६१ जणांची कोविड चाचणी होकारार्थी होती. डॉ. क्लेअर स्मिथ आणि सहकाऱ्यांनी या ६१ मुलांचे कागद एकेक करून तपासले. ‘कोविड असताना’ गेलेली मुले आणि ‘कोविडमुळे’ गेलेली मुले त्यांनी वेगळी काढली, तेव्हा दुसऱ्या गटात २५ उरली. म्हणजे दर दहा लाखांमागे दोन. या पंचविसांपैकी तीन चतुर्थांश मुलांना आधीपासून जुनाट आजार होता आणि बऱ्याच जणांना तर एकाहून अधिक.

एवढ्यावर ‘मुलांना कोविड काही करत नाही’ असे म्हणून विषय मिटवता आला असता, पण अमेरिकेतले आकडे तो मिटवू देत नाहीत. सेथ फ्लॅक्समन यांच्या चमूने ऑगस्ट २०२१ ते जुलै २०२२ हे, डेल्टा आणि ओमायक्रॉनचे, वर्ष तपासले. त्या बारा महिन्यांत शून्य ते एकोणीस वयोगटातील ८२१ मुलांच्या मृत्यूचे मूळ कारण कोविड होते. या वयातल्या एकूण मृत्यूंत हे प्रमाण दोन टक्के. तरीही मृत्यूच्या कारणांच्या यादीत कोविड आठवा आणि संसर्गजन्य व श्वसनाच्या आजारांत पहिला. मुले मुळात फारशी मरत नाहीत, म्हणून छोटा दिसणारा वाटाही यादीत इतका वर जातो.

शिवाय मुलांमध्ये कोविडचा एक वेगळाच अवतार दिसला. एप्रिल २०२०च्या अखेरीस लंडनमधल्या बालरोग अतिदक्षता विभागांनी धोक्याची घंटा वाजवली. दहा दिवसांत आठ मुले एकाच प्रकारे गंभीर झाली होती. त्यातला एक चौदा वर्षांचा मुलगा वाचला नाही. मूल येई ते चार-पाच दिवसांच्या न उतरणाऱ्या तापाने. डोळे लाल, अंगावर पुरळ, उलट्या-जुलाब आणि पोटात इतके दुखे की डॉक्टरांना आधी अपेंडिक्सची शंका यावी. खोकला बहुधा नसेच. मग रक्तदाब कोसळे, हातपाय गार पडत, हृदयाचे आकुंचन मंदावे. सोनोग्राफीत काहींच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुगलेल्या दिसत. नाकातल्या नमुन्यात अनेकदा कोविड सापडत नसे, पण रक्तात त्याची प्रतिपिंडे मिळत. विषाणू दोन ते सहा आठवड्यांपूर्वी येऊन गेलेला असे आणि शरीराची संरक्षण यंत्रणा त्यानंतर स्वतःवरच उलटलेली असे.

हा आजार जपानी डॉक्टर तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली वर्णन केलेल्या आजाराशी मिळताजुळता, पण अधिक मोठ्या मुलांना होणारा आणि हृदयावर जोरात घाला घालणारा निघाला. मुंबईतल्या वाडिया बालरुग्णालयातही २०२० सालीच असे रुग्ण आले आणि दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रभरच्या बालरोगतज्ज्ञांना या आजाराचे ‘मिस-सी’ हे नाव तोंडपाठ झाले. इम्युनोग्लोब्युलिन आणि स्टेरॉइड वेळेत मिळाली तर बहुतेक मुले बरी होतात. पुढे ओमायक्रॉन आला तसे याचे प्रमाणही घटत गेले. म्हणजे २०२२-२३मध्ये चढलेल्या आकड्याचा उलगडा ‘मिस-सी’नेही होत नाही.

मग त्या वर्षी घडले काय? २०२२च्या हिवाळ्यात ब्रिटनमधले पालक एका जुन्या शत्रूने हादरले होते. गट ‘अ’चा स्ट्रेप्टोकॉकस हा घशात आणि कातडीवर राहणारा जिवाणू. एरवी घसा धरतो, फार तर अंगावर लाल पुरळ उठवून स्कार्लेट फीवर आणतो. क्वचित तो रक्तात, फुप्फुसाच्या आवरणात किंवा स्नायूत शिरतो आणि मग हातात काही तासच उरतात. त्या मोसमात हा घातक प्रकार बळावला आणि कित्येक मुलांचा बळी गेला. नेहमी वसंत ऋतूत डोके वर काढणारी ही साथ या वेळी नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच, फ्लू आणि लहान मुलांच्या श्वसनमार्गाला गाठणाऱ्या आरएसव्ही या विषाणूच्या जोडीने आली. दुकानांत पेनिसिलिनचा तुटवडा पडला. शेवटी सरकारने औषधविक्रेत्यांना पर्यायी प्रतिजैविके देण्याची मुभा दिली.

हे सगळे एकदम का आले, याचे पहिले उत्तर ‘राहून गेलेल्या संसर्गां’चे. मूल पहिल्या दोन-तीन वर्षांत या जंतूंची तोंडओळख करून घेते. टाळेबंदीत ती राहून गेली आणि नंतर तीन इयत्तांनी एकाच वर्षी परीक्षेला बसावे, तशी वेगवेगळ्या वयांची मुले एकाच हिवाळ्यात पहिल्यांदा आजारी पडली. फ्रान्समधल्या बालरोगतज्ज्ञांनी २०२१मध्येच याचा इशारा दिला होता. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात तर आरएसव्हीची लाट आपला हिवाळी मोसम सोडून ऐन उन्हाळ्यात उसळली होती.

दुसरे उत्तर कोविडकडे बोट दाखवते. एखादा विषाणू प्रतिकारशक्तीच्या आठवणी पुसू शकतो, ही कल्पना हवेतली नाही. गोवर हेच करतो. गोवर होऊन गेलेल्या मुलांची इतर रोगांविरुद्धची प्रतिपिंडे ११ ते ७३ टक्क्यांपर्यंत नाहीशी झाल्याचे २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. कोविड तसे काही करतो का? अमेरिकेतल्या लाखो मुलांच्या वैद्यकीय नोंदी चाळून एका चमूने २०२३मध्ये दाखवले, की पाच वर्षांखालील ज्या मुलांना आधी कोविड झाला होता, त्यांच्यापैकी ६.४ टक्क्यांना २०२२मध्ये आरएसव्हीने गाठले. कोविड न झालेल्यांत हे प्रमाण ४.३ टक्के होते.

फरक डोळ्यांत भरणारा आहे. पण अशा नोंदींना एक खोट असते. जी मुले सारखी डॉक्टरकडे जातात, पाळणाघरात राहतात किंवा दाटीवाटीच्या घरात वाढतात, त्यांना दोन्ही विषाणू गाठण्याची शक्यता जास्त आणि दोन्हींची चाचणी होण्याचीही. एका आजाराने दुसऱ्याला वाट करून दिली, की दोघेही एकाच उघड्या दारातून आत आले, हे केवळ नोंदींवरून सांगता येत नाही.

टाळेबंदीवाल्यांचे उत्तरही वाटते तितके सरळ नाही. डिसेंबर २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्ट्रेप्टोकॉकसचे रुग्ण वाढल्याचे जाहीर केले, तेव्हा यादीत ब्रिटन, फ्रान्स, आयर्लंड, नेदरलँड्स यांच्या जोडीला स्वीडनही होता. स्वीडनने लहान मुलांच्या शाळा बहुतांश काळ सुरूच ठेवल्या होत्या.

घाईने काढलेला निष्कर्ष कसा तोंडघशी पाडतो, याचा धडा त्याच वर्षी मिळाला. एप्रिल २०२२च्या सुरुवातीला स्कॉटलंडमधून बातमी आली, की धडधाकट लहान मुलांना अचानक तीव्र कावीळ होत आहे आणि हिपॅटायटिसचे ‘ए’ ते ‘ई’ यांपैकी एकही विषाणू सापडत नाही. जुलैपर्यंत ३५ देशांतून हजाराहून अधिक संशयित रुग्ण कळवले गेले आणि २२ मुले दगावली. काहींचे यकृतच बदलावे लागले. कोविडचे अवशेष आतड्यात रेंगाळून हे घडवत असावेत, असा तर्क नामवंत नियतकालिकात छापून आला. लशीवरही संशय घेतला गेला, पण बहुतेक रुग्ण पाच वर्षांखालचे होते आणि त्यांना लस मिळालेलीच नव्हती.

ग्लासगोमध्ये प्रा. एमा थॉमसन यांच्या गटाने चिकाटीने रक्ताचे नमुने तपासले. ३२ आजारी मुलांपैकी २६ जणांत एक निरुपद्रवी समजला जाणारा विषाणू मिळाला, एएव्ही-२. निरोगी मुलांत तो क्वचितच होता. हा विषाणू एकटा वाढू शकत नाही, त्याला अॅडिनोव्हायरससारखा सोबती लागतो. आजारी मुलांपैकी बहुतेकांत एक विशिष्ट जनुकही आढळले. टाळेबंदीनंतर दोन्ही विषाणू एकाच वेळी पसरले आणि ती जनुकीय ठेवण असलेल्या मुलांना भोवले, असे चित्र मार्च २०२३मध्ये पुढे आले. थेट कोविडचा हात त्यात दिसला नाही.

इंग्लंडच्या आकड्याची दुसरी बाजू संसर्गापासून बरीच लांब आहे. तिथे दगावणाऱ्या मुलांत साठ टक्क्यांहून अधिक बाळे एक वर्षाच्या आतली असतात आणि त्यांतली बरीचशी अपुऱ्या दिवसांची किंवा जन्मजात व्यंग असलेली. कोविडची लस इतक्या लहान बाळांना सरसकट दिलीच गेली नव्हती, त्यामुळे तिसऱ्या गटाचा दावा इथेच गळून पडतो. दुसरीकडे २०१९ साली ब्रिटनमधल्या नवजात-तज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक तत्त्वे बदलली. बाविसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळालाही, शक्यता दिसत असेल तर, वाचवण्याचा प्रयत्न करावा असे ठरले. पूर्वी जे गर्भपात म्हणून गणले जाई, ते आता ‘जिवंत जन्म आणि मृत्यू’ म्हणून नोंदले जाऊ लागले. काही जीव वाचले, पण मृत्यूंची संख्याही वाढली.

अर्भकमृत्यूंची घसरण तर तिथे कोविडच्या कितीतरी आधीच थांबली होती. इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ साली दर हजार जन्मांमागे ३.६ अर्भके दगावत, २०१७मध्ये ३.९. त्यात गरिबीची रेघ ठळक आहे. सर्वांत गरीब वस्त्यांतल्या मुलांचा मृत्युदर सधन वस्त्यांतल्या मुलांच्या दुपटीहून अधिक आहे आणि कृष्णवर्णीय व आशियाई कुटुंबांतल्या मुलांचा गोऱ्या मुलांपेक्षा बराच वरचा.

अमेरिकेतही मुलांचा मृत्युदर याच काळात चढला, पण कारणे पाहून धक्का बसतो. एक ते एकोणीस वयोगटात २०१९ ते २०२० दरम्यान तो १०.७ टक्क्यांनी आणि पुढच्या वर्षी आणखी ८.३ टक्क्यांनी वाढला. या दुसऱ्या वाढीत कोविडचा वाटा साधारण पाचवा. बाकीचा बराचसा भार बंदुका, रस्ते अपघात आणि फेंटानिलमिश्रित गोळ्यांचा. अमली पदार्थांच्या अतिसेवनाने दगावलेले किशोरवयीन २०१९मध्ये ४९२ होते, २०२१मध्ये १,१४६. साथीच्या काळात मुलांचे मृत्यू वाढले म्हणून ते साथीच्या रोगानेच वाढले, हे गणित इथे सरळ चुकते.

आणि भारत? इथले चित्र उलटे दिसते. नमुना नोंदणी सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालील बालमृत्युदर २०१९मध्ये हजारी ३५ होता, २०२०मध्ये ३२ आणि २०२१मध्ये ३१. महाराष्ट्रात २०२०मध्ये तो १८ होता. जगातही पाच वर्षांखालील मृत्यू २०२२मध्ये पहिल्यांदाच पन्नास लाखांच्या खाली, ४९ लाखांवर आले. आपल्याकडचे बहुतेक बालमृत्यू न्यूमोनिया, जुलाब, कमी वजन आणि बाळंतपणातल्या गुंतागुंतींमुळे होतात आणि ही कारणे हळूहळू का होईना, मागे हटत आहेत.

तरीही कोविडने इथे किंमत वसूल केलीच, फक्त आडवाटेने. २०२१मध्ये जगभरातली अडीच कोटी मुले नेहमीच्या लशीला अंशतः किंवा पूर्णतः मुकली. भारतात त्या वर्षी २७ लाख मुलांना त्रिगुणी लशीचा एकही डोस मिळाला नव्हता. नर्सबाई आणि आशाताई कोविडच्या कामाला जुंपल्या होत्या, लसीकरणाची सत्रे रद्द होत होती, हाताचे काम गेलेली कुटुंबे गावाकडे निघून गेली होती.

याचे फळ मुंबईत गोवंडीने चाखले. देवनारच्या कचराभूमीला लागून असलेल्या एम-पूर्व विभागात, रफीक नगरच्या गल्ल्यांत, ऑक्टोबर २०२२च्या अखेरीस लहान मुले एकापाठोपाठ दगावली आणि गोवर परतल्याचे महापालिकेच्या लक्षात आले. कस्तुरबा रुग्णालयात खाटा वाढवाव्या लागल्या. आरोग्यसेविका घरोघर जाऊन ‘ताप आणि पुरळ’ असलेली मुले शोधू लागल्या, ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस पाजू लागल्या. काही घरांतून लशीला नकार येई, तेव्हा मशिदीतल्या मौलानांना सोबत घेतले गेले. गोवराची लस एरवी नवव्या महिन्यानंतर देतात. पण त्याहून लहान बाळेही आजारी पडत होती. म्हणून नऊ महिन्यांच्या आतले रुग्ण दहा टक्क्यांहून जास्त असतील, तिथे सहा महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यावा, असे केंद्राने कळवले. मालेगाव आणि भिवंडीतही हीच धावपळ सुरू होती. या मुलांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कोविड कुठेच नाही. चुकलेल्या सुईपर्यंत माग काढला, तरच तो सापडतो. पुढच्याच वर्षी देशातल्या लसवंचित मुलांची संख्या ११ लाखांवर आली, ही त्यातली दिलासा देणारी बाब.

इंग्लंडचा आकडाही पुढच्या वर्षी उतरला. मार्च २०२४ला संपलेल्या वर्षात तिथे ३,५७७ मुले दगावली. कोविडचे संसर्ग तर सुरूच होते. कोविडने सगळ्याच मुलांची प्रतिकारशक्ती कायमची खिळखिळी केली असती, तर आलेख चढतच राहायला हवा होता. तो उतरला, म्हणजे ‘राहून गेलेल्या संसर्गां’ची बाजू थोडी बळकट होते. पण त्या वर्षी तो साथीपूर्वीच्या पातळीवरही आला नव्हता, आणि त्यातला गरिबीचा, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वाटा कोविडच्या आधीपासूनचा आहे.

असा आलेख काढून त्यावर वाद घालणे इंग्लंडला जमते, कारण तिथे प्रत्येक मुलाची फाइल बनते. भारतात २०२० साली नोंदवलेल्या सर्व वयांच्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांना डॉक्टरांनी प्रमाणित केलेले कारण होते. तपासाची व्यवस्था कागदावर आपल्याकडेही आहे. बालमृत्यू अन्वेषणाच्या २०१४च्या मार्गदर्शिकेनुसार गावातल्या मुलाच्या मृत्यूची खबर आशाने द्यायची, नर्सबाईने घरी जाऊन प्राथमिक चौकशी करायची आणि पुढे आईवडिलांशी बोलून तपशीलवार जबानी भरायची. ताप कधी आला, धाप कधी लागली, आधी कुणाला दाखवले, गाडी मिळायला किती वेळ गेला, रुग्णालयात पोहोचल्यावर किती थांबावे लागले, हे तिथेच कळते. या चौकशीत दोन प्रश्न कसोशीने विचारले जायला हवेत. बाळाच्या लसीकरण कार्डावरच्या कोणत्या चौकटी रिकाम्या आहेत? आणि गेल्या दीड महिन्यात घरात कुणाला तापखोकला येऊन गेला होता का?